गडगा कशाच्या जोरावर उभा?

(कसाल येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. मंचावर केलेल्या प्रयोगांचे वर्णन छापील मजकुरात वक्त्याने नंतर जोडले आहे.)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला सातवीला गणित शिकवीत. वर्गाच्या खिडकीतून शाळेचा गडगा दिसायचा. एकदा त्यांनी विचारले, "त्या गडग्यात चुना नाही, सिमेंट नाही, मातीसुद्धा नाही. मग तो पडत का नाही?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "जड आसा म्हणान." गुरुजी म्हणाले, "जड वस्तू तर आधी पडायला हवी." तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. पुढे चाळीस वर्षे बांधकामाच्या इंजिनिअरकीवर पोट भरले. आज त्या तासाचा उरलेला भाग पुरा करायला उभा आहे.

आधीच सांगतो, मागच्या बाकावरचे उत्तर बरोबर होते. पण ते का बरोबर, हे कळायला मला एक भिंत पाडावी लागली. ती हकिकत पुढे येईल.

समोर टेबलावर मीटरभर लांबीची फळी आहे. तिच्यावर जांभ्याचा एक चिरा पट्टी ठोकून अडवला आहे आणि त्याच्यावर दुसरा नुसता ठेवला आहे. दोन्ही इथल्याच चिरेखाणीतले, तीसेक किलोंचे. आता फळीचे एक टोक हळूहळू उचलतो. मघाशी तालमीत मोजले होते, टोक ५५ सेंटिमीटर उचलले की वरचा चिरा सुटतो. (इथे तो ५३ वर सुटला. सभागृहात हशा.) ५५ धरले तर फळीचा कोन साधारण ३३ अंश होतो आणि त्या कोनाचा टॅन्जंट ०.६६. हाच आपला घर्षणांक. चिरा चिऱ्यावर ज्या वजनाने बसला आहे, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश जोर लावला तर तो सरकेल, त्याआधी नाही.

आता वरच्या चिऱ्यावर आणखी एक चिरा ठेवून दोन्ही दोरीने बांधतो. वजन दुप्पट झाले. कोण म्हणतो लवकर सुटेल? कोण म्हणतो उशिरा? (हात वर झाले, मते दोन्हीकडे पडली.) पाहा, सुटायची उंची जवळपास तीच. वजन दुप्पट झाले तसे खाली ओढणारे बळ दुप्पट झाले आणि धरून ठेवणारेही दुप्पट झाले. लिओनार्दोने हे आपल्या टिपणवह्यांत लिहून ठेवले होते, पण त्या वह्या कोणी वाचल्या नाहीत. मग १६९९ मध्ये फ्रान्समध्ये आमोंतोंने तेच पुन्हा शोधले.

तिसरा प्रयोग. दोन चिऱ्यांच्या मध्ये ओली शेडी फासतो. विहीर खणताना जांभ्याचा थर संपला की खाली लागते ती शेडी, पांढुरकी, हाताला साबणासारखी. आता टोक ३५ सेंटिमीटरपर्यंतही गेले नाही तोच चिरा घसरला. घर्षणांक ०.६६ वरून ०.३७ च्या आत आला. दगड तोच, वजन तेच, फक्त मधली जागा बदलली. आपल्याकडे पावसाळ्यात डोंगर उतरतात तेव्हा वरचा जांभा शाबूत असतो आणि त्याच्याखाली हाच सांधा भिजलेला असतो. हमरस्त्यावरून जाताना कापलेल्या दरडी दिसतात. लाल कातळ जिथे फिकट होत जातो तिथे नजर ठेवा. पावसात पाणी पाझरताना दिसते ते बहुधा तिथूनच.

गुरुजी असते तर इथे त्यांनी विचारले असते, "हे सगळे गुळगुळीत पृष्ठभागाचे झाले. चिरा कुठे गुळगुळीत असतो?" बरोबर आहे. जांभ्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतात. दोन चिरे एकमेकांवर बसले की वरच्याचे उंचवटे खालच्याच्या खळग्यांत उतरतात. आता वरचा आडवा ढकलायचा, तर त्याला आधी थोडे वर चढावे लागते. म्हणजे सांधा सरकताना फुगतो. १९६६ मध्ये पॅटन नावाच्या संशोधकाने करवतीच्या दात्यांसारखे सांधे बनवून हे दाखवले. दाब कमी असेल तर दगड दात्यांवरून चढून जातो, आणि दात्यांचा उतार घर्षणकोनात मिळवावा लागतो. दाब फार असेल तर चढण्यापेक्षा दाते मोडणे स्वस्त पडते, आणि मग मिळवलेला तो कोन हातचा जातो. पुढे बार्टन आणि चौबे यांनी १९७७ मध्ये खडबडीतपणाला शून्य ते वीस असे गुण द्यायची पद्धत रूढ केली. सांध्याची रेघ त्यांच्या दहा नमुन्यांशी ताडून बघायची आणि गुण द्यायचे. शास्त्राच्या मानाने हा प्रकार जरा शाळामास्तरी वाटतो, पण जगभर चालतो. एक मेख मात्र आहे. हातात मावणाऱ्या तुकड्याला मिळालेले गुण अख्ख्या कड्याला लावता येत नाहीत. सांधा जितका लांब, तितका त्याचा खडबडीतपणा कामाला कमी येतो. लहान नमुना नेहमी फुशारकी मारतो.

आता चुन्याकडे आणि सिमेंटकडे येऊ. बहुतेकांची समजूत अशी, की मसाला म्हणजे गोंद आणि भिंत त्याने चिकटून उभी असते. प्रयोगशाळेत याची परीक्षा सोपी आहे. तीन चिरे घ्यायचे, मध्ये मसाल्याचे दोन थर, दोन्ही बाजूंनी ठरावीक दाब द्यायचा आणि मधला चिरा ढकलायचा. युरोपच्या मानकात मऊ दगडासाठी हे दाब ०.१, ०.३ आणि ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असे दिले आहेत. तिन्ही दाबांवर मधला चिरा किती जोराने सुटला ते आलेखावर मांडले की बिंदू जवळपास एका सरळ रेषेत बसतात. ही रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तेवढा मसाल्याचा चिकटपणा. रेषेचा चढ म्हणजे घर्षणांक. आपल्या भारतीय मानकातही विटांच्या आणि चिऱ्यांच्या भिंतीला सरकण्याविरुद्ध जो ताण धरायची परवानगी आहे, तो याच घडणीचा आहे: ०.१ अधिक उभ्या दाबाचा सहावा भाग, आणि काही झाले तरी ०.५ च्या वर नाही.

आता कसालमधले एखादे कौलारू घर घ्या. भिंत तीन मीटर उंच, जांभ्याचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन. भिंतीच्या तळाशी दाब किती? चौरस मीटरला सहा टन, म्हणजे ०.०६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. प्रयोगशाळेतल्या सर्वांत कमी दाबाच्याही खाली! आणि हे तळाशी. वाशाखालच्या शेवटच्या थरावर तर कौलांच्या वजनाखेरीज काहीच नाही. म्हणून भिंत वरून खिळखिळी होते. त्रिकोणी आढ्याची बाजू, गच्चीचा कठडा, कुंपणाचा माथा हे पहिले जातात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वाऱ्याने छप्पर नुसते ढकलले नाही, उचललेही. छप्पर उचलले की वरच्या थरावरचा दाब गेला, आणि दाब गेला की घर्षणही गेले.

सांगायचे ते एवढेच आहे. सांधा चिकटून राहिलेला नसतो, दाबून धरलेला असतो. तेव्हा भिंत का पडली हे शोधताना मसाल्यात सिमेंट किती होते हे मागाहून विचारावे. आधी विचारावे, तिच्यावरचा दाब कोणी काढून घेतला?

आता माझ्या भिंतीची हकिकत. नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली होती. आमच्या परसात उताराला आजोबांच्या काळचा गडगा होता, दीड मीटर उंच. त्याचे मधले काही चिरे निखळले होते. मी ठरवले की तो अर्धा गडगा काढून पक्की भिंत घालायची, चिऱ्याचीच, पण सिमेंटात, अठरा इंची, दर्जा भरलेली, सरळ ओळंब्यात. गवंडीकाका गावातलेच. त्यांनी दोनदा सांगितले, "झिला, पाण्याक वाट दी. नायतर ता आपली वाट काढतला." मी म्हटले, काका, भिंत मजबूत आहे. शिकलेल्या माणसाचा आत्मविश्वास फार वाईट.

जून गेला. जुलैत एका रात्री भिंतीचे पोट सुटले आणि पहाटे ती शेजाऱ्याच्या माडांत आडवी झाली. उरलेला अर्धा जुना गडगा शेजारीच जसाच्या तसा उभा होता, आणि त्याच्या फटींतून पाणी गळत होते.

मग कागद घेऊन बसलो. आधी बसायला हवे होते. भिंतीच्या दर मीटर लांबीचे वजन सुमारे १.३५ टन. घर्षणांक ०.६ धरला तर ती ८०० किलोंच्या आसपास ढकल सोसेल. मागच्या कोरड्या मातीचा रेटा अर्ध्या टनाच्या जवळ. ठीक. पण मागे पाणी दीड मीटर चढले, तर नुसत्या पाण्याचाच रेटा ११०० किलोंच्या वर जातो, शिवाय भिजलेल्या मातीचा वेगळा. भिंत सरकायला किंवा कलंडायला आणखी काय हवे? मसाल्याचा चिकटपणा हिशेबात धरला असता तर ती टिकायला हवी होती, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. पण पडलेले चिरे उलटून पाहिले तेव्हा एकेका चिऱ्याचा तळ स्वच्छ होता, त्यावर फक्त लाल भुकटी. मसाला खालच्या चिऱ्याला धरून होता, वरच्याला त्याने धरलेच नव्हते. चिरे भिजवून न घेता लावले होते. कोरडा जांभा मसाल्यातले पाणी ओढून घेतो आणि मसाला करपतो. कागदावरचा चिकटपणा भिंतीत नव्हताच. घाई माझी होती, गवंडीकाकांची नव्हे.

गडग्याला हे सगळे न शिकता येते. त्याचे मोठे चिरे खाली असतात, प्रत्येक चिरा खालच्या दोघांवर बसून सांधा मोडतो, तोंड किंचित मागच्या मातीकडे, म्हणजे आत कललेले असते. आणि फटी तर आपण दोष समजतो, पण पाणी तिथूनच जाते. पाणी गेले म्हणून रेटा गेला, आणि चिऱ्यांमधला दाब शाबूत राहिला. जड आसा म्हणान!

हेच पाणी मोठ्या अंगाने बघायचे तर धरणांकडे जावे लागते. दगडी धरण म्हणजे पाण्याला टेकून उभा केलेला गडगाच, फक्त त्याच्या पायाखालच्या भेगांत पाणी शिरते आणि त्याला खालून उचलू लागते. वजन तेवढेच, पण पायावरचा दाब कमी. फ्रान्समधले बूझे धरण १८८४ मध्ये पाण्याच्या रेट्याने फूटभर पुढे सरकले. डागडुजी झाली आणि १८९५ मध्ये ते फुटले. खालून उचलणाऱ्या दाबाचा हिशेब त्यानंतर धरणांच्या गणितात पक्का झाला. तरी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातले तिघरा धरण १९१७ मध्ये पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून गेलेच. आपल्या कोयनेची गोष्ट वेगळी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला, पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे, आडवे तडे गेले. भेग पडली की चिकटपणा संपला. मग वरचा भाग कशावर राहिला? स्वतःच्या वजनावर आणि भेगेच्या खडबडीतपणावर. धरण उभे राहिले, पुढे त्याला आधार बांधून मजबुती दिली गेली. आज जगात कुठेही दगडी किंवा काँक्रीटच्या धरणात भेग कशी पडते याचे गणित नव्याने मांडले, की ते आधी कोयनेवर चालवून पाहतात.

आता किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाट व्हायची होती, चारला चार मिनिटे कमी. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तिथली घरे जाड दगडी भिंतींची, वर माळवदाचा मातीचा जड थर. मघापासून मी म्हणत आलो की वजनाने सांधा घट्ट होतो. मग इतक्या जड छपराखालच्या भिंती का सुटल्या? दुसरा प्रयोग आठवा. वजन दुप्पट केले तरी चिरा त्याच कोनात सुटला. भूकंपाचा धक्काही वजनाच्या प्रमाणात असतो. छप्पर जड केले तर धरून ठेवणारे घर्षण वाढते आणि तितकाच ढकलणारा धक्काही वाढतो. हाती काही लागत नाही, उलट पडताना ते वजन माणसांवर पडते. वाऱ्यापुढे जड छप्पर कामाचे, भूकंपापुढे नाही. हा फरक लोकांना समजावताना माझी दमछाक होते, आणि खरे सांगायचे तर इंजिनिअरांनाही.

किल्लारीत दुसरी गोष्ट अधिक घातक ठरली. त्या भिंती दिसायला एक, पण आत दोन. बाहेरचा दगडी पापुद्रा, आतला दगडी पापुद्रा, मध्ये बारीक दगड आणि माती. दोघांना बांधणारा आरपार दगड नाही. गोलसर दगडांना एकमेकांवर टेकायला जागाही थोडीच. धक्क्यात मधला भराव खाली बसला, पाचर मारल्यासारखे दोन्ही पापुद्रे फाकले, आणि उभा दाब ज्या सांध्यांवर होता ते सांधे राहिलेच नाहीत. त्याच वर्षीच्या भारतीय मानकात अशा भिंतींसाठी नियम आहेत: जाडी ४५० मिलिमीटरच्या वर नको, आणि आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला, लांबीत दर १.२ मीटरला. हे जुने गवंडी करीतच असत. मधल्या काळात लांब दगड मिळेनासा झाला किंवा मजुरी परवडेनाशी झाली, आणि आरपार दगड हरवला.

आपल्याकडचे उदाहरण सोडून पुढे गेलो तर मालवणची मंडळी मला परत जाऊ देणार नाहीत. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याची हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकताना आपल्याला वाटते की शिसे म्हणजे फार ताकदीची वस्तू. नखाने ओरखडा उठतो हो शिश्यावर! त्याचा गुण ताकद हा नाही. चुना घट्ट व्हायला हवा आणि वेळ लागतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात समुद्र तो वेळ देत नाही, सहा तासांत येऊन धुऊन नेतो. शिसे ओतल्यावर काही क्षणांत गोठते. शिवाय मऊ असल्याने वरून वजन आले की ते दबते, दगडाच्या खळग्यांत शिरते, आणि दोन दगड चार-दोन उंचवट्यांवर टेकण्याऐवजी पुऱ्या अंगाने टेकतात. लाट फटीत घुसून परतताना दगड बाहेर ओढते, ती फटच राहत नाही. मात्र खाच ओली असेल तर तापलेले शिसे अंगावर उसळते. ओहोटीच्या त्या थोडक्या वेळात खाच कोरडी करून शिसे ओतणाऱ्या कारागिरांचे मला तटबंदीपेक्षा अधिक कौतुक आहे.

आणि योगायोग बघा. घर्षणाचा आणि चिकटपणाचा हिशेब एका सूत्रात ज्याने बसवला तो कूलॉम किल्लेच बांधणारा होता. फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर आठ वर्षे किल्ल्याच्या कामावर. तिथून आजारी होऊन परतला आणि १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला. विषय होते मातीचा रेटा, दगडी खांब आणि कमानी. सिंधुदुर्ग तेव्हा शंभर वर्षांचा झाला होता.

संगणकाबद्दल थोडक्यात, कारण तरुण मंडळींचा प्रश्न तोच असणार. आता भिंतीचा प्रत्येक चिरा वेगळा मांडता येतो. पीटर कंडल याने १९७१ मध्ये त्यासाठी रीत काढली, ती भेगाळलेल्या खडकासाठी. प्रत्येक दगड आपापला, सांध्यावर टेकला तर बळ, सुटला तर नाही. पुढे पोर्तुगालच्या लोरेन्सो यांनी विटांच्या भिंतीसाठी सांध्यालाच एक स्वतंत्र घटक मानून गणित केले. त्या घटकाला किती कडक, किती चिकट, किती खडबडीत आणि सरकताना किती फुगतो, हे सांगावे लागते. एकदा भेग पडली की चिकटपणा शून्यावर आणायचा आणि उरलेले काम घर्षणावर सोपवायचे. पडद्यावर भिंत रंगीत दिसते, तांबडे-निळे पट्टे येतात, बघणारा खूश होतो. पण घर्षणांक किती, हे संगणक सांगत नाही. तो आपल्याला विचारतो. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने जांभ्यासाठी परदेशी विटेचा आकडा घातला होता. मी त्याला काही बोललो नाही, घरी नेले आणि ही फळी हातात दिली.

गुरुजींच्या शाळेचा गडगा अजून आहे. मध्यंतरी त्याला वरून सिमेंटचा गिलावा करायचा ठराव आला होता, दिसायला बरे दिसावे म्हणून. मी पत्र पाठवले की दोन्ही बाजूंनी गिलावा केलात तर खाली पाणी जायला भोके ठेवा, आणि ते जमत नसेल तर गडग्याला हात लावू नका. गडगा आहे तसाच राहिला. ठरावाचे पुढे काय झाले, ते इथे बसलेल्या काहींना माहीत असेल.

फळी आणि चिरे मी इथेच ठेवून जातो. चहा होईपर्यंत ज्यांना हात चालवून बघायचा असेल त्यांनी बघावा. फक्त शेडी फासलेला चिरा आधी धुऊन घ्या, आणि फळीच्या खालच्या टोकाकडे कोणी उभे राहू नका.